स्थापनेचे गद्य : डेबियनची मार्गदर्शिका आणि घरगुती सर्व्हर

व्यवहारोपयोगी गद्याकडे वाङ्मयसमीक्षेने पाहावे की नाही, हा प्रश्न मराठीत तरी नवा नाही. बखरी, करीने, सनदा, पत्रे हे सारे लेखन कार्यसिद्धीसाठी झाले; वाचकाचे रंजन हा त्याचा हेतू नव्हता. तरीही मराठी गद्याच्या इतिहासाची आरंभीची प्रकरणे त्यावाचून लिहिता येत नाहीत. रामचंद्रपंत अमात्यांचे १७१५ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' राजनीतीवरील ग्रंथ म्हणून वाचले जाते, पण आज्ञार्थी गद्याचा नमुना म्हणूनही ते तितकेच अभ्यसनीय आहे. त्यातील दुर्गांविषयीचे प्रकरण पाहावे. गडावर झरा आहे, पाणी पुरते, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. झुंजाच्या वेळी तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून साठ्याच्या पाण्याची टाकी वेगळी बांधावीत, असा तेथील आशय आहे. येथे आज्ञेबरोबर तिचे कारण आलेले आहे आणि कारणाबरोबर ती कोणत्या प्रसंगी उपयोगी पडायची तो प्रसंगही आला आहे. 'असे करा' एवढेच सांगणारे गद्य आणि 'असे न केल्यास अमुक दिवशी अमुक होईल' हे सांगणारे गद्य यांत जो फरक आहे, तोच आज्ञार्थी लेखनाच्या मूल्यमापनाचा पहिला निकष होय.

संगणकाच्या क्षेत्रात आज अशा लेखनाचे उदंड पीक आहे, आणि त्यातही घरच्या घरी सर्व्हर कसा उभारावा हे सांगणाऱ्या लेखनाचा एक स्वतंत्र प्रकारच बनला आहे. सर्व्हर म्हणजे इतर यंत्रांच्या मागण्या पुरवीत अहोरात्र चालू राहणारा संगणक. अडगळीत पडलेला जुना संगणक, किंवा २०१२ पासून मिळू लागलेल्या रास्पबेरी पायसारखे तळहाताएवढे यंत्र, त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली आणि जोडीला एकदोन मोठ्या डिस्क, एवढ्या सामग्रीवर घरातील छायाचित्रे, दस्तऐवज, हिशेब हे सर्व एके ठिकाणी ठेवता येते आणि ते कोणा परक्या कंपनीच्या स्वाधीन करावे लागत नाही. विद्यापीठातील वाचकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मोडी कागदपत्रांच्या किंवा पोथ्यांच्या वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रतिमा अशा घरगुती यंत्रावर ठेवता येतात, आणि त्या नाहीशा झाल्या तर मूळ कागद पुन्हा पाहावयास मिळेलच याची शाश्वती नसते. या गद्यातील एखादे वाक्य अपुरे राहिले तर त्याची किंमत वाचकाला मोजावी लागते, आणि तीही बहुधा ते वाक्य वाचून विसरल्यानंतर पुष्कळ दिवसांनी.

या लेखनाची दोन घराणी मानता येतात. पहिले घराणे युनिक्स या कार्यप्रणालीच्या संदर्भग्रंथाचे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सिद्ध केलेल्या त्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला स्वतंत्र पान. पानावर नाव, रूप, वर्णन, संबंधित फाईली अशी ठरीव शीर्षके. त्यांतील दोन शीर्षके विशेष लक्षणीय आहेत. एकाखाली त्या आज्ञेतील ज्ञात दोष नोंदलेले असत, तर दुसऱ्याखाली त्या आज्ञेची जबाबदारी कोणाची, हे आद्याक्षरांनी सांगितलेले असे. स्वतःच्या कृतीचे दोष कृतीच्या वर्णनातच, ठरलेल्या जागी मांडणारा दुसरा गद्यप्रकार सहजी आठवत नाही. या गद्याची रचना सूत्रासारखी आहे. ज्याला विषय अगोदरच अवगत आहे त्याच्यासाठी ते लिहिलेले असते, आणि नवख्याला ते जवळजवळ अभेद्य वाटते.

दुसरे घराणे पाककृतीचे. लिनस टॉर्व्हाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केल्यावर, त्याच दशकात 'अमुक कसे करावे' या धर्तीच्या टिपणांचा मोठा संग्रह स्वयंसेवकांनी तयार केला. त्यांतील उत्तम टिपणे कारणमीमांसाही देत. पुढे मात्र त्यांचे जे असंख्य वारस निपजले त्यांनी कारणे गाळली आणि आज्ञा तेवढ्या ठेवल्या. ही ओळ लिहा, ती ओळ लिहा, यंत्र पुन्हा सुरू करा, अभिनंदन ! वाचकाचे अभिनंदन करून निरोप घेण्याची ही रीत या गद्याची खूणच होऊन बसली आहे. ज्या क्षणी लेखक निरोप घेतो त्याच क्षणी वाचकाची खरी जबाबदारी सुरू होते, याची जाणीव त्यात क्वचितच दिसते.

डेबियनची स्थापना-मार्गदर्शिका या दोन घराण्यांच्या मध्ये उभी आहे आणि म्हणूनच ती बारकाईने वाचण्याजोगी आहे. डेबियन ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये आरंभिली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिची तेरावी आवृत्ती निघाली. घरगुती सर्व्हरसाठी तिची निवड वारंवार केली जाते ती तिच्या स्थैर्यामुळे. मार्गदर्शिकेची आठ प्रकरणे आहेत आणि त्यांना परिशिष्टांची जोड आहे. घाई असलेल्या वाचकासाठी सबंध कृती थोडक्यात सांगणारे एक परिशिष्टही आहे. परंतु ते परिशिष्टच आहे, ग्रंथ नव्हे, आणि हा क्रम राखण्यात लेखकांचा विवेक दिसतो.

तिसऱ्या प्रकरणात, स्थापनेला हात घालण्यापूर्वीच, हाताशी असलेल्या माहितीची प्रत अगोदर काढून ठेवा अशी सूचना स्वतंत्र शीर्षकाखाली येते. या संयत ग्रंथातील त्या शीर्षकापुढे उद्गारचिन्ह आहे. शोभेसाठी विरामचिन्हे उधळणाऱ्या लेखनात ते नजरेतून सुटले असते. येथे ते थांबवते. सहाव्या प्रकरणात ज्या स्थापना-प्रणालीचे वर्णन आहे तिच्या रचनेतही हाच स्वभाव दिसतो. डिस्कचे विभाग पाडण्याची पायरी ही सबंध कृतीतील एकमेव अशी पायरी, की जिच्यात पूर्वीची माहिती कायमची पुसली जाऊ शकते. त्या आधीच्या साऱ्या प्रश्नांना वाचकाने उत्तरे दिली तरी डिस्कवर अद्याप काहीही लिहिलेले नसते. शेवटी कोणते बदल होणार आहेत याची यादी समोर ठेवली जाते आणि ते डिस्कवर लिहावेत काय असे विचारले जाते. अगोदरपासून निवडून ठेवलेले उत्तर 'नाही' हे असते. यंत्रवत् पुढे जाण्याची सवय लागलेला हात येथे अडतो. नकार देण्यासाठी काही करावे लागत नाही, होकारासाठी मात्र करावे लागते. ग्रंथाच्या आणि प्रणालीच्या कर्त्यांनी वाचकाला कसे कल्पिले आहे, ते या एका पडद्यावरून कळते : तो अजाण नाही, पण थकलेला असू शकतो.

तथापि विभाग किती व कोणते पाडावेत या बाबतीत हाच विवेक थोडा ढळलेला आहे. सर्व फाईली एकाच विभागात ठेवण्याचा पर्याय नवख्यांसाठी योग्य म्हणून पुढे केला जातो. एका माणसाच्या मेजावरील संगणकाला ते ठीक आहे. सर्व्हरवर मात्र प्रणाली पुन्हा बसवण्याची वेळ केव्हा ना केव्हा येते, आणि साठवलेली माहिती प्रणालीच्याच विभागात असेल तर एकीची डागडुजी करताना दुसरीला धोका पोहोचतो. विभाग वेगळे राखण्याचा विचार मार्गदर्शिकेत नाही असे नाही. तो विभागांवरील परिशिष्टात आहे, आणि तेथे तो नेमकाही आहे. परंतु परिशिष्टापर्यंत जाणारा वाचक नवखा उरलेला नसतो, आणि नवखा तेथवर पोहोचत नाही.

घरगुती यंत्र 'सर्व्हर' कोठे बनते? सहाव्या प्रकरणाच्या उत्तरार्धात, कोणकोणते साहित्य बसवावे याच्या यादीत. चित्रमय मेजपटलावरची खूण काढून टाकावयाची आणि एसएसएच सर्व्हरवर खूण करावयाची, एवढेच. एसएसएच म्हणजे दुरून, सांकेतिक मार्गाने, यंत्राशी बोलण्याची व्यवस्था. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून परवलीचे शब्द चोरले गेल्यावर टाटू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ती प्रथम रचली, आणि १९९९ पासून तिचे ओपनएसएसएच हे मुक्त रूप प्रचारात आले. या एका खुणेने यंत्राचा पडदा आणि कळफलक काढून ते कपाटावर ठेवता येते. मार्गदर्शिकेच्या दृष्टीने ही यादीतील अनेकांपैकी एक बाब. घरगुती सर्व्हरच्या दृष्टीने हीच स्थापनेतील निर्णायक घटना. ग्रंथ मात्र बहुतेक ठिकाणी असे गृहीत धरतो की वाचक यंत्रासमोर बसलेला आहे.

संगणकविषयक मराठी अनुवादांत या कृतीला 'प्रतिष्ठापन' हा शब्द योजलेला आढळतो. तो जड आहे अशी तक्रार होते, पण त्यात एक अर्थच्छटा अशी आहे जी मूळ इंग्रजी शब्दात राहिलेली नाही. दीड दिवसाचा गणपती घरी बसवणे वेगळे आणि देवळात मूर्तीची प्रतिष्ठापना करणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगी पूजाअर्चा कोण करणार, दिवाबत्ती कोणाकडे, हे ठरवल्यावाचून कोणी मुहूर्त धरीत नाही. सर्व्हरसंबंधी पाककृतीचे घराणे पहिल्या प्रकारचे आहे. मार्गदर्शिका त्याहून पुष्कळ वरची. तरी सातव्या प्रकरणात नवे यंत्र प्रथम सुरू झाले की तिचाही आवाज मंदावतो.

या मंदावण्याने काय घडते ते एका उदाहरणावरून पाहता येते. लिनक्समध्ये एफएसटॅब नावाची एक छोटी फाईल असते. यंत्र सुरू होताना कोणती डिस्क कोठे जोडावयाची, ते तीत ओळीओळीने लिहिलेले असते. प्रत्येक ओळीत सहा रकाने : डिस्कची ओळख, जोडण्याचे स्थान, मांडणीचा प्रकार, अटी, आणि शेवटी दोन आकडे. त्यांतील पाचवा रकाना फितींवर प्रती काढणाऱ्या एका जुन्या आज्ञेसाठी होता. ती आज्ञा आज क्वचितच कोणी वापरतो, तरी रकाना उरला आहे आणि त्यात बहुधा शून्य लिहिले जाते. भाषेच्या अभ्यासकाला अर्थ लोपल्यावरही टिकून राहिलेल्या प्रत्ययाची येथे आठवण व्हावी. पाककृती सांगणारे लेखक हे शून्य लिहावयास सांगतात, कशाचे ते सांगत नाहीत. त्या शून्याने नुकसान काही होत नाही. नुकसान होते ते चौथ्या रकान्यात.

घरगुती सर्व्हरला बाहेरून जोडलेली एखादी मोठी डिस्क असते. तिच्यासाठी वाचक पाककृतीतील ओळ उतरवून घेतो आणि सारे सुरळीत चालते. एके दिवशी वीज जाते, परत येते; यंत्र आपोआप सुरू होते, पण डिस्कची तार सैल झालेली असते, किंवा डिस्कच निकामी झालेली असते. २०१५ मध्ये निघालेल्या आठव्या आवृत्तीपासून डेबियनने यंत्र सुरू करण्याचे काम सिस्टमडी या व्यवस्थेकडे सोपवले. ती व्यवस्था, अन्यथा सांगितले नसेल तर, न सापडलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहते आणि मग पुढे न जाता आणीबाणीच्या अवस्थेत थांबते. त्या अवस्थेत एसएसएच सुरू झालेले नसते. कपाटावरचे, पडदा नसलेले यंत्र बाहेरून केवळ मुके दिसते. हे टाळावयाचे तर चौथ्या रकान्यात 'नोफेल' ही अट घालावी लागते. तिचा अर्थ, ही डिस्क न मिळाली तरी थांबू नये. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत अशी डिस्क न मिळाल्यास यंत्र तक्रार नोंदवून पुढे जात असे. जुन्या पाककृती त्या काळात बरोबर होत्या. व्यवस्था बदलली आणि त्या चुकीच्या ठरल्या, पण त्यांचे शब्द तसेच फिरत राहिले.

प्रकरण येथेच संपत नाही. स्थापनेच्या वेळी रूट, म्हणजे सर्वाधिकारी खाते, याच्यासाठी परवलीचा शब्द विचारला जातो. तो रिकामा ठेवला तर ते खाते बंद राहते आणि पहिल्या सामान्य वापरकर्त्याला सूडो या आज्ञेद्वारे अधिकार मिळतात. रिकामा ठेवावा, हा सल्ला सुरक्षिततेच्या दृष्टीने समर्थनीय आहे. परंतु आणीबाणीच्या अवस्थेत यंत्र ज्याचा परवलीचा शब्द विचारते ते रूट हेच खाते, आणि ते बंद असल्याने प्रवेश देता येत नाही असे सांगून यंत्र अडून बसल्याचे प्रसंग आठव्या आवृत्तीनंतर अनेकांवर आले. कोणी धावपळ करून पडदा व कळफलक जोडला तरी समोर दिसावयाचे ते हेच वाक्य. दोन सल्ले, दोन्ही आपापल्या जागी योग्य. पण ते एकत्र आले की घराचे दार आतून आणि बाहेरून एकदमच बंद होते. एकेक आज्ञा सुटी सांगणाऱ्या गद्याला ही घटना दिसूच शकत नाही, कारण ती कोणत्याही एका आज्ञेत नाही. ती दिसण्यासाठी वीज गेल्याचा तो दिवस लेखकाच्या नजरेसमोर असावा लागतो, जसा अमात्यांच्या नजरेसमोर झुंजाचा दिवस होता.

डेबियनच्या लेखनाला न्याय द्यावयाचा तर हेही सांगितले पाहिजे की डिस्कविषयीची ही कठोरता आठव्या आवृत्तीच्या प्रकाशन-टिपणात स्पष्टपणे नोंदवली होती आणि 'नोफेल'चा उपायही तेथे दिला होता. आक्षेप माहिती दडवल्याचा नाही. ती कोठे ठेवली याचा आहे. प्रकाशन-टिपण वाचतो तो मुख्यतः जुन्या आवृत्तीवरून नवीवर जाणारा. प्रथमच सर्व्हर उभारणारा मार्गदर्शिका वाचतो, आणि बहुधा तीही न वाचता पाककृती वाचतो. १९७१ च्या संदर्भग्रंथात दोषांची नोंद वर्णनाच्याच पानावर होती, हे येथे पुन्हा आठवते.

इतर उणिवांचा उल्लेख थोडक्यात पुरे. दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिण्याच्या पद्धतीला पाककृती सर्रास सुरक्षित प्रत म्हणतात. बर्कलेच्या पॅटर्सन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या १९८८ च्या निबंधापासून रेड या नावाने रूढ झालेली ही कल्पना डिस्क बिघडण्यावरचा उपाय आहे, माणूस चुकण्यावरचा नव्हे; चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. सांबा या प्रणालीने घरातील इतर संगणकांना फाईली पुरवताना परवलीचा शब्द दुसऱ्यांदा का नोंदवावा लागतो, याचेही उत्तर बहुतेक ठिकाणी नसते. विंडोजची खातरजमेची रीत आणि लिनक्सने जपून ठेवलेले परवलीच्या शब्दाचे रूप यांचा मेळ बसत नाही, म्हणून सांबा आपली वेगळी नोंदवही ठेवते, हे एका वाक्यात सांगता येण्याजोगे आहे. आणखी एक बाब भारतीय वाचकाला विशेष जाचते. राऊटरमध्ये अमुक दार उघडा म्हणजे सर्व्हर बाहेरून दिसेल, असे पाककृती सांगते. ज्या जोडणीवर पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतो, आणि त्यासाठी २०१२ मध्ये पत्त्यांचा एक खास पट्टाही राखून ठेवण्यात आला, तेथे घरच्या राऊटरचे दार उघडून काही उपयोग नसतो. फाटक पुरवठादाराच्या अंगणात असते. भारतात अशा घरगुती जोडण्या विरळा नाहीत. वाचक मात्र आपलेच काही चुकले अशा समजुतीने तेच पान पुनःपुन्हा वाचत राहतो.

स्थापनेला आयुष्यमर्यादा असते, ही गोष्टही या गद्यात हरवते. डेबियनच्या आवृत्तीला सुमारे तीन वर्षे पूर्ण आधार मिळतो आणि त्यापुढे आणखी दोन वर्षे मर्यादित. पाच वर्षे म्हणजे एखाद्या प्रबंधाचा काळ. पदवीच्या वर्षी उभारलेल्या यंत्राचा आधार प्रबंध बांधणीला जाण्याच्या सुमारास संपलेला असतो, आणि त्याच्यावरच त्या प्रबंधाची साधने असतात.

मराठीचा प्रश्न निराळा, पण या विवेचनाबाहेरचा नव्हे. २००९ मध्ये निघालेल्या 'लेनी' या आवृत्तीत स्थापना-प्रणालीच्या भाषांत मराठीचा समावेश झाला. देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे ती चित्रमय पडद्यावरच वापरता येते. स्वयंसेवकांचे हे काम आदरास पात्र आहे. मार्गदर्शिका मात्र मराठी वाचकाला इंग्रजीतूनच वाचावी लागते. म्हणजे प्रश्न मराठीत येतात आणि त्यांची कारणे इंग्रजीत राहतात; पाककृतीच्या घराण्यात जी फारकत लेखकाच्या आळसाने झाली ती येथे अनुवादाच्या क्रमाने झाली. अनुवादाचे काम पुढे कधी हाती घेतले गेले तर पडद्यावरील वाक्यांपेक्षा तिसरे प्रकरण आणि विभागांवरील परिशिष्ट यांना अग्रक्रम मिळणे इष्ट ठरेल.

आणि आठव्या प्रकरणालाही. त्याचे पहिले कलम यंत्र बंद कसे करावे याचे आहे. स्थापना होताच बंद करण्याचा धडा देण्यात विसंगती वाटेल, पण चालू यंत्राची वीज एकाएकी तोडल्याने फाईली बिघडतात आणि नवखा वाचक पहिल्याच रात्री तेच करील, हे लेखकांनी ओळखले आहे. याच प्रकरणात बिघडलेली प्रणाली सावरण्याचे कलम आहे. ते लहान आहे आणि सहसा कोणी तेथवर येत नाही. स्थापनेसाठी वापरलेल्या साधनानेच यंत्र पुन्हा सुरू करावे, स्थापनेऐवजी बचावाचा पर्याय निवडावा, नेहमीचे पहिले काही प्रश्न पार करावेत. मग डिस्कवरील मूळ विभाग कोणता ते विचारून प्रणाली आत प्रवेश देते, असे तेथे सांगितले आहे. हा मार्ग यंत्रावरील रूट खाते बंद आहे की चालू हे विचारत नाही. त्या मुक्या यंत्राच्या एफएसटॅबमधील ओळ याच वाटेने दुरुस्त करता येते. मात्र त्यासाठी पडदा आणि कळफलक उसना आणावा लागतो, आणि जिच्यावरून स्थापना केली ती चिमुकली स्मृतिकांडी पुसून दुसऱ्या कामाला लावलेली नसावी लागते.